गळका ताल

आमच्या घराचं जोतं मी डोक्यावर वाहिलेलं आहे. सगळं नाही, माझ्या वाट्याला आलं तेवढं. मोठा दगड बाच्या खांद्यावर, मधला आयच्या डोक्यावर आणि फटीत ठोकायला लागणाऱ्या कपच्या माझ्या टोपलीत, अशी आमची तिघांची रांग धरणाच्या तळातून डोंगर चढायची. सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

पुढे उशिरा शिकून मी भोरात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. तिथे दर वर्षी 'चिकाटी' या विषयावरचे निबंध तपासायची पाळी माझ्यावर येई. मुली मुंगीवर लिहीत, कोळ्यावर लिहीत, गडाच्या तटाबुरुजांवर लिहीत. निबंध संपेपर्यंत मुंगीचा दाणा वारुळात पोचलेलाच असे. मी गुण देत असे आणि मनातून चिडत असे. मुलींचा त्यात काय दोष? त्यांना तसंच शिकवलेलं, आणि शिकवणारी मीच. पण मुंगी वाटेत मेली तर त्या दाण्याचं काय होतं, हे एकीलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. मला ते ठाऊक होतं, आणि मी वर्गात कधी सांगितलं नाही.

वेळवंडीच्या खोऱ्यात आमचं गाव होतं. भाटघरचं नवं धरण पुरं होऊन पाणी वर चढत आमच्यापर्यंत आलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. गाव उठवायची दवंडी केव्हाच पिटून झाली होती. लोकांनी वर डोंगराच्या अंगाला छपरंही घातली होती. पण माणसं मोठी चमत्कारिक. पाणी येणार म्हणून कागद आला, शिपाई येऊन दटावून गेला, तरी त्या साली सगळ्यांनी वेळेवर पालापाचोळा पसरून राब भाजले, रोपं टाकली आणि खालच्या खाचरांतच भात लावलं. "पानी काय एका सालात हितवर येतंय व्हय," असं जो तो दुसऱ्याला सांगे.

श्रावणात पाणी बांधाला टेकलं. भाद्रपदात भात पोटरीत आलं, तेव्हा ते खाचरात शिरलं. लोंढा येऊन सगळं एकदम गेलं असतं तर बरं झालं असतं. ते रोज वीतभर चढे. आज बांध दिसेनासा झाला, दोन दिवसांनी नुसते शेंडे राहिले, मग शेंडेही गेले. आम्ही वरच्या माळावरून बघत होतो. शेंडे बुडाले त्या दिवशी आय म्हणाली, "आता आपल्या खाचरात भात पिकल्याबिगर म्या भात तोंडात घालायची न्हाई."

रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली आणि सरपण गोळा करायला गेली. मला वाटलं रागात बोलली, चार दिवसांत विसरेल. कसलं काय! सणावाराला, लग्नाच्या पंगतीत, वाढणारा भाताची पाटी घेऊन आला की ती पानावर हात आडवा धरी. "पोट भरलंय," म्हणे. पोट कशाने भरलेलं असायचं? नाचणीच्या भाकरीने.

गावची देवी खालीच राहिली. ती खडकातलीच शिळा होती, शेंदूर लावलेली. उचलून कशी नेणार? नवं भात निघालं की पहिला घास तिच्यापुढे ठेवायचा आणि मगच घरात कोणी नवं खायचं, ही आमची चाल. गावाने वरच्या वस्तीत एक गोल धोंडा मांडला, त्याला शेंदूर फासला आणि तिथेच नवं करायला सुरुवात केली. आयने त्या धोंड्याला कधी हात जोडले नाहीत. "ती देवी न्हवं, मांडलेला धोंडा हाय," म्हणायची. देवी उन्हाळ्यात मोकळी व्हायची. चैत्र-वैशाखात धरणाचं पाणी ओसरलं की भेगाळलेल्या गाळातून ती शिळा वर येई. आणि आमच्या घराचं जोतंही.

मातीच्या भिंती पहिल्याच वर्षी विरघळून गेल्या होत्या. जोतं मात्र जसंच्या तसं. बाच्या आजाने पाथरवटाच्या हाताखाली राबून ते स्वतः घडवलेलं. दगडाला दगड असा बसलेला की मध्ये सुई जाऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात बा त्याच्यावर बराच वेळ बसून राहिला आणि उठताना म्हणाला, "ह्याचाच ताल बांधू."

ताल म्हणजे ओढ्याच्या घळीत घातलेली दगडांची आडवी भिंत. डोंगरावर सपाट जमीन नसते, ती करावी लागते. घळीत भिंत घालायची, पावसाच्या पाण्याबरोबर वरून वाहून येणारी माती तिच्यामागे अडवायची, पुढच्या साली भिंत हातभर वाढवायची. चार-सहा पावसाळ्यांनी मागे माती सपाट बसते आणि खाचर तयार होतं. वेल्ह्याकडच्या डोंगरात अशीच खाचरं आहेत. कोणाच्या आजाने भिंत घातली, नातवाने भात खाल्लं, असा तो कारभार.

दोन उन्हाळे आम्ही घर वर आणलं. पहाटे खाली उतरायचं, उन्हं डोक्यावर यायच्या आत दोन खेपा करायच्या. उंबऱ्याचा दगड शेवटी निघाला. तो खांद्यावर येण्यातला नव्हता. बेचक्याच्या ओंडक्यावर बांधून शेजाऱ्याच्या बैलांनी तो ओढत वर आणला. तेव्हा आय पहिल्यांदा काहीतरी मागती झाली. "अवं, येवढा आपल्या खोपटाच्या दाराला लावा. म्या ह्याच्यावरनंच आत आले."

बा म्हणाला, "येवढा थोरला दगड दाराला? ह्यो तालाच्या पायात जाईल. मग बघ, कोन हलवतंय त्याला."

उंबरा तालाच्या पायात गेला.

बा भिंत रचायला लागला आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला, हे कबूल केलं पाहिजे. लोकांचे ताल ओबडधोबड धोंड्यांचे. आमचा कसा, घडीव! बा एकेक दगड फिरवून फिरवून त्याच्या जुन्या जोडीदाराशी लावी. जोत्यात जो ज्याच्या शेजारी होता तो तालातही त्याच्याच शेजारी. फटीत आय आणि मी कपच्या ठोकून बसवत असू. येणारा जाणारा थांबून बघायचा.

वरच्या वाडीतला एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन तिकडून जायचा. त्याने आपल्या हयातीत कितीतरी ताल घातले होते. तो भिंतीच्या खालच्या अंगाला उभा राहिला, दगडावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "पोरा, ह्यो ताल गळंल कुठनं?"

"गळंल कशाला?" बा म्हणाला. "गडाच्या तटावानी बांधलाय. थेंब जायचा न्हाई."

म्हातारा हसला. समोर तोरणा ढगात होता, त्याच्याकडे काठी करून म्हणाला, "त्या तटाला गनीम अडवायचा व्हता. तुला काय अडवायचंय? माती अडवायची हाय, पानी न्हाई. पानी जाऊ दे गप. त्याला वाट न्हाई दिलीस तर त्ये घेईल."

बाला राग आला. आपल्या आजाचं काम त्याने या माणसाला दाखवलं आणि या माणसाने त्यात खोट काढली, एवढंच त्याच्या मनात आलं. म्हातारा आणखी दोनदा सांगून गेला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा बा त्याच्याशी बोललाच नाही. आणि मीही, दीड हाताची पोर, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. ते मला अजून लागतं.

भिंत घातल्यावरच्या तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत मागे गुडघाभर माती बसली. भाताला तेवढी पुरते. आषाढात आम्ही लावणी केली. तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली, ऊन पडलं, आणि दुपारी आय इरलं बाजूला ठेवून खाचरात वाकली होती, निसटलेली रोपं परत रोवत होती. मी वर दरडीला उभी होते. बा तालाच्या खालच्या अंगाला उतरला आणि भिंतीवर हात फिरवून खुशीत ओरडला, "बघ गं, कोरडी ठाक हाय!"

खरंच कोरडी होती. मागे घळभर पाणी, भिजून लोण्यासारखी झालेली माती, आणि पुढे ती कोरडी भिंत. मग मला दिसलं की भिंतीला मध्ये पोट आलंय. मी सांगायला तोंड उघडलं असेन, नसेन. बा बाजूला उडी मारून वाचला. भिंत मधोमध फुटली आणि भात, माती, दगड आणि आय, सगळं एकदम खाली गेलं.

आय घळीच्या वळणावर सापडली, कमरेपर्यंत गाळात. उजवा गुडघा दगडाखाली. तो उंबऱ्याचा दगड होता असं पुढे लोक तिखटमीठ लावून सांगत. खोटं आहे. उंबरा पायातून जागचा हललासुद्धा नव्हता. तो जोत्याचाच कुठलासा दगड होता, कडा धारदार, छान घडवलेला.

तीन वर्षांची माती घटकाभरात धरणात गेली. धरणाने खालची जमीन घेतली होती, आता वरचीही घेतली.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं. त्यानंतर आय काठीशिवाय चालली नाही. आणि बा बसला तो बसलाच. लोकांच्या बांधावर मोलाने जाई, येई, जेवे, भिंतीला टेकून बसे. घळीकडे तोंडसुद्धा करत नसे. म्हातारा धनगर एकदा येऊन नुसता शेजारी बसून गेला. 'मी सांगत होतो' असं म्हणाला नाही. चांगला माणूस होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आय मला म्हणाली, "चल, मला घळीत न्हेऊन बसीव. आन हातोडा घे." तिला उतरवताना माझा जीव मेटाकुटीला आला. फुटलेल्या तालाचे दगड खाली विखुरले होते. ती एका दगडापाशी बसली, वाकडा पाय लांब केला आणि हातोडा उचलून त्या दगडाची घडीव कड फोडली. मग दुसऱ्याची. बाच्या आजाच्या छिन्नीच्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या त्यांच्यावर. ती त्या रेघांवरच घाव घालत होती.

आवाज ऐकून बा धावत आला. "काय करतीयास? घर फोडतीयास व्हय?"

आयने मान वर केली नाही. "घर कवाच फुटलं," ती म्हणाली. "आता खाचर बांधायचं हाय. ह्ये लई गुळगुळीत हायती, पानी जात न्हाई ह्यांच्यातनं."

बा उभा राहून बघत राहिला. मग आमच्यासमोर हमसून हमसून रडला. त्याला तसं रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्याची भीती वाटली. आय फोडतच राहिली. आठ दिवस ती एकटी फोडत होती. नवव्या दिवशी बाने दुसरा हातोडा आणला.

आता कोणी विचारेल, ओबडधोबड दगड डोंगरात थोडे होते का? थोडे नव्हते. पण दुसरे दगड आणायला खांदा एकच उरला होता, बाचा. आणि मला वाटतं आयला तेच दगड हवे होते. लोक तिला हट्टी म्हणत. मीही म्हणत असे. ती पंगतीत पानावर हात धरे तेव्हा मला तिची लाज वाटायची.

गळक्या तालामागे माती सावकाश बसते. पाण्याबरोबर थोडी निसटतेच. दर पावसाळ्यात आय घळीच्या काठाला इरलं पांघरून बसे आणि भिंतीतून ठिकठिकाणी झिरपणाऱ्या धारा बघे. एखादी धार थांबली की बाला सांगे, "थितं तुंबलंय." बा सळईने ती फट मोकळी करी. अशी सहा वर्षं.

त्या सहा वर्षांत माझं लग्न झालं. भोराजवळच्या उत्रोलीला दिलं मला. तिथे भाताला तोटा नाही, दोन वेळा पानात पांढरा भात. पहिल्या दिवशी घास तोंडात घातला आणि मला आय आठवली. दुसऱ्या दिवशीही आठवली. मग हळूहळू सवय झाली. माणसाला भाताची सवय फार लवकर होते. तिसऱ्या वर्षी नवरा पटकीने गेला आणि मी कपाळ पुसून माहेरी आले. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. बरा माणूस होता, फार ओळख व्हायच्या आत गेला.

मी आले त्याच पावसाळ्यात आमच्या खाचरात भात लागलं. आयने ते स्वतःच्या हाताने लावलं, वाकडा पाय चिखलात लांब करून, बसल्या बसल्या सरकत. कार्तिकात ते कापलं. झोडून, वाळवून लहानशी कणगी भरली. जाडं, लालसर भात, पण आमचं. मी उखळात थोडं कांडलं आणि म्हणाले, "आय, आज भात शिजीवते."

"देवीला दावल्याबिगर कसा खायचा?"

"मग वरच्या देवीला दावू की."

"तो धोंडा हाय." झालं. "आपली देवी वैशाखात उघडी पडंल. तवा खाऊ."

मी भडकले. दहा पावसाळे या बाईने भात सोडला, पाय गमावला, स्वतःचं घर हातोड्याने फोडलं, आणि आता भात घरात असताना पाण्याखालच्या दगडासाठी थांबायचं? मी नको नको ते बोलले. देवीला बोलले, तिला बोलले. माझा नवरा गेला तेव्हा तुझी देवी काय करत होती, असंही विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "येवढी वर्सं थांबले. आता धा दिस कमी का जास्ती." बाने कणगीचं तोंड शेणाने लिंपून टाकलं.

माघात तिला हिवताप आला. धरण झाल्यापासून खोऱ्यात तो दर साली चार-दोन माणसं नेई. भोरहून आणलेल्या पुड्या झाल्या, काढे झाले. बाराव्या दिवशी तिच्या अंगात उठून बसण्याचंही त्राण राहिलं नाही. बा औषधाला भोरला गेला होता. मी कणगीचं लिंपण फोडलं, ओंजळभर भात काढून कांडलं, पातळ पेज केली, मीठ घातलं आणि वाटी घेऊन तिच्यापाशी बसले. म्हटलं, नाचणीची पेज आहे.

तिचे डोळे मिटलेले होते. वाटी ओठांपाशी आली तशी तिने वास घेतला. एकदा, मग परत एकदा, खोल. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी उभ्या जन्मात दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. तिला भूक लागली होती. दहा वर्षांची भूक लागली होती. आणि मग तिने दात आवळले.

"पी गं," मी म्हणाले. "देवी पान्याखाली हाय, तिला काय दिसतंय?"

"मंग म्या बी थांबते," ती म्हणाली, दातांतूनच.

मी तिची हनुवटी धरली. होय, धरली. तिचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. पेज तिच्या गळ्यावरून ओघळली आणि मी ती पदराने पुसली. ती माझ्यावर रागावली नाही. मान भिंतीकडे वळवली, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहाव्याला पिंड उसन्या तांदळाचे केले. घरचं नवं देवीला दाखवल्याशिवाय तिने जिवंतपणी घेतलं नाही, ते माघारी तसंच कसं द्यायचं, असं बाचं म्हणणं. मी वाद घातला नाही. माझी वाद घालायची ताकदच गेली होती.

वैशाखात पाणी ओसरलं. मी भात शिजवला, पळसाच्या पानात बांधला आणि आम्ही दोघं खाली उतरलो. गाळ वाळून भेगा पडल्या होत्या. देवी उघडी पडली होती, शेंदूर कधीच धुऊन गेलेला. बाने पहिला घास तिच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. मी जोडले नाहीत.

मग बा आमच्या घराच्या जागेपाशी गेला. तिथे आता काहीच नव्हतं, सगळं आम्हीच वर नेलं होतं. उंबरा काढला त्या जागी तेवढा एक लांबट खळगा होता, गाळाने अर्धा भरलेला. बा त्याच्या बाहेरच्या अंगाला बसला. त्याने दुसरा घास त्या खळग्यात ठेवला. मग म्हणाला, "दाराला लावला असता तर काय बिघडत व्हतं?"

मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, तो म्हातारा झाला होता. पण माझ्याने होईना.

त्याने उरलेल्या भाताचे दोन वाटे केले आणि एक माझ्यापुढे सरकवला. गार झालेला, जाडा, लालसर भात. मला तो कडू लागावा अशी माझी इच्छा होती. मी घास घेतला. भात चांगला होता, गोड होता. मी सगळा खाल्ला.